भरतीचं नाव

१

या हकिकतीत एक नाव आहे आणि ते मी लिहिणार नाही. छत्तीस वर्षं जन्मनोंदणीच्या कचेरीत बसून लोकांच्या मुलांची नावं लिहिलेल्या माणसानं नेमकं एक नाव लिहायला नकार द्यावा, हे जरा हास्यास्पदच आहे. हसून घ्या.

निवृत्त कारकुनापुढे दोनच मार्ग असतात. एक, स्वतःच्या प्रकृतीबद्दल बोलत राहणं. दुसरा, पुस्तक लिहिणं. माझी प्रकृती ठणठणीत, लिहिताना उजवा हात थोडा थरथरतो एवढंच, म्हणून मी पुस्तकाला लागलो. मुलांच्या नावांचं पुस्तक. प्रत्येक नावाला एक पान आणि पानावर तीन मथळे: उगम, अर्थ, लोकप्रियता. पहिले दोन शब्दकोशांतून मिळतात. तिसरं मात्र फक्त आमच्या कचेरीच्या रजिस्टरांत सापडतं. मंगळवारी आणि शुक्रवारी दफ्तरखान्यात बसून मोजायची परवानगी मी जुन्या ओळखीवर मिळवली होती.

बाकीचे दिवस घरी. दुपारचं जेवण झालं की मी त्याच टेबलावर वह्या मांडायचो आणि बायको मागच्या अरुंद खोलीत शिवणयंत्रापाशी जायची. बरोबर तीन वाजता आतून तिचा आवाज यायचा. एकच शब्द, हळू. मग यंत्राची खडखड सुरू व्हायची. कापडाचं माप पुटपुटत असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. नोकरीत असताना तीन वाजता मी कधी घरी नव्हतोच, त्यामुळे हे किती वर्षं चाललं होतं कोण जाणे.

त्या खोलीत एका माणसाला धड वळता येत नाही, तरी खुर्च्या दोन.

"दुसरी खुर्ची कशाला गं?" मी एकदा विचारलं.

"कपडे ठेवायला."

कपडे कायम जमिनीवरच्या टोपलीत असायचे. पण बायकोच्या खोलीची तपासणी करणारा नवरा फार काळ सुखात राहत नाही. मी विषय सोडला.

२

लेकीला सातवा महिना होता. ती आणि जावई रविवारी जेवायला आले की माझ्या पुस्तकाची चेष्टा ठरलेली.

"बाबा, बाळ शाळेत जायच्या आत छापून होईल ना?"

"ते वाचायला शिकेपर्यंत नक्की होईल."

"म्हणजे नाव आमचं आम्हीच शोधायचं. बरं झालं, शोधलंय." आणि तिनं ते नाव सांगितलं.

माझा पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरात टेकला.

ते नाव जगात नव्हतं. मी छातीठोकपणे सांगतो, कारण ते आम्ही केलं होतं. मी आणि शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी. त्याला सगळी कचेरी टिपकागद म्हणायची. ऐकलेलं सगळं शोषून घ्यायचा, बाहेर थेंब येऊ द्यायचा नाही. आमच्याकडे जन्म नोंदवताना नाव नसलं तरी चालत असे. आईबापांनी वर्षभरात येऊन ते सांगायचं. काही जण येतच नसत. कुणी गाव सोडलेलं असे, कुणाचं मूल राहिलेलं नसे. पण वर्षअखेरीला साहेबांना रजिस्टरात रिकामा रकाना खपत नसे. बिननावाचं मूल चालेल, बिननावाची ओळ चालणार नाही. तेव्हा टिपकागदानं समोरच्या तीन कपाटांवर रंगवलेली अक्षरं ओळीनं वाचली आणि मुलगा असो की मुलगी, कुणालाही खपेल असं एक नाव तयार झालं. आम्ही त्याला भरतीचं नाव म्हणायचो. रिकाम्या ओळींत ते भरायचं आणि रजिस्टर सहीला पाठवायचं.

जावयानं मोबाइल काढला. "हे बघा बाबा, सगळं आहे. उगम प्राचीन. अर्थ, हाकेला ओ देणारी व्यक्ती. लोकप्रियता वाढती. शुभ रंग राखाडी."

"प्राचीन? लिहिलंय कुणी हे?"

"ते कुठं कळतं? एकानं लिहिलं की बाकीचे उतरवून घेतात."

ही पद्धत ओळखीची वाटली.

"अगं, त्या नावाला काही अर्थ नाही," मी लेकीला म्हणालो.

"तुमच्या नावाचा अर्थ आनंदी असा आहे. मग?"

बायको हसली. मला वाटतं, गरजेपेक्षा जास्त हसली.

"पण तुला मिळालं कुठून?"

लेकीचा घास हातातच राहिला. "आठवत नाही हो. लहानपणी ऐकलेलं. आपल्याच घरात कुणीतरी म्हणायचं."

३

ज्या मुलांसाठी कुणी परत आलं नाही, त्यांना चिकटवलेलं ते नाव. माझ्या नातवंडाला ते लागू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. नुसतं सांगून लेक ऐकणार नव्हती. तिला आकडा दाखवायला हवा होता: हे नाव खऱ्या आईबापांनी कधीच कुणाला ठेवलेलं नाही, शून्य.

पंधरा वर्षांपूर्वी कचेरीत संगणक आले आणि त्यांना रिकामा रकाना खपू लागला, तिथं आमची भरती थांबली. तेव्हा त्यानंतरच्या नोंदींत ते नाव सापडायलाच नको होतं. मी खिडकीवरच्या बाईंना यादी काढायला सांगितली.

पहिल्या वर्षी एक. पुढच्या वर्षी तीन. मग अकरा. गेल्या वर्षी एक्केचाळीस.

"छान नाव आहे," बाई म्हणाल्या. "सध्या जोरात चाललंय."

त्याच वेळी खिडकीत एक बसचालक उभा होता. गणवेशातच आलेला, मुलीचा दाखला घ्यायला. नाव तेच. मी त्याला बाजूला घेतलं, पुस्तकाचं निमित्त सांगितलं आणि विचारलं की हे नाव कुणी सुचवलं.

"सुचवलं असं नाही साहेब. घरात कुणीतरी म्हणालं."

"कोण?"

"आता ते..." तो मान खाजवू लागला.

"घरात कोण कोण असतं तुमच्या?"

"आम्ही दोघंच," तो म्हणाला, आणि स्वतःच जरा विचारात पडला. मग गाडीची वेळ झाली म्हणून घाईनं निघून गेला.

कारकुनी डोकं अशा वेळी कामाला येतं. एखादी मालिका असेल, एखादी जाहिरात असेल. लोक ऐकतात आणि विसरतात कुठं ऐकलं ते. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं.

४

मोजणी पुरी करायची तर जुनी रजिस्टरंही उघडावी लागणार होती. त्यांतलं एक मी चौतीस वर्षांत उघडलेलं नव्हतं.

आमची पहिली मुलगी नऊ दिवस जगली. दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "तिचं नाव ठेवू या." मी म्हणालो, "आता काय उपयोग?" दिवसाला तीस नावं लिहीत होतो मी; आणखी एक लिहायचं बळ नव्हतं, असं आज म्हणता येईल. तेव्हा मात्र मी फक्त 'काय उपयोग' एवढंच म्हणालो होतो. नंतर झालेल्या लेकीला आम्ही यातलं काहीच सांगितलं नाही.

वर्षअखेर आली तेव्हा मी टिपकागदाला ती ओळ दाखवली. "ही एक कोरी ठेव. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगतो." त्यानं पानावर तळहात ठेवला आणि म्हणाला, "कोरी राहील." ते रजिस्टर कपाटात गेलं. त्यानंतर मी त्या कपाटाला दुसऱ्यांकडून किल्ली लावून घेत आलो.

शुक्रवारी मी ते काढलं, पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. बापाच्या जागी माझं नाव, आईच्या जागी हिचं. आणि मुलीच्या नावाच्या रकान्यात, टिपकागदाच्या तिरक्या अक्षरात, भरतीचं नाव.

समासात गोल शिक्का होता: नक्कल दिली. शिक्क्याखाली चौतीस वर्षांपूर्वीची तारीख, आणि नक्कल घेणाऱ्याची सही. ती सही मी रोज बघतो. दूधवाल्याच्या कार्डावर असते. बायकोची.

म्हणजे मित्रानं शब्द मोडला, ते बायकोला माहीत होतं, तिच्याजवळ त्याचा सही-शिक्क्याचा दाखला होता, आणि चौतीस वर्षं दोघंही मला "चहा घेणार का?" असं विचारत राहिले.

५

टिपकागद मुलाकडे दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी गेलो तेव्हा खिडकीशी बसला होता.

"भरलीस तू," मी म्हणालो.

"भरली." कुठली ओळ, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मग वहिनी आल्या. तू जेवायला गेला होतास. रडल्या नाहीत, काही नाही. म्हणाल्या, भाऊजी, हाक मारायला मला काहीतरी द्या. आता मी काय देणार? माझ्याकडे तेवढंच एक नाव होतं."

"मला सांगायचंस."

"खोडलं असतंस तू. लाल शाईनं, सही करून."

खोडलं असतं. तो मला ओळखून होता, म्हणूनच जास्त लागलं.

"बरं, दिलंस ते दिलंस," मी म्हणालो. "पण पुढं एकोणीस वर्षं तेच नाव दुसऱ्या पोरांना लावत राहिलास? माझ्या मुलीचं नाव? लाज नाही वाटली?"

टिपकागदानं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा झाल्यापासून त्याच्या तोंडावरून काही गोष्टी बाहेर दिसायला लागल्या आहेत.

"मी कुठं लावलं? त्या दिवसानंतर मी एकही ओळ भरली नाही. हातच होईना. वर्षअखेरीला रजिस्टर उघडायचो तर सगळ्या ओळी भरलेल्या. म्हटलं, यानं न बोलता माझं काम अंगावर घेतलं. मनातल्या मनात आभार मानायचो तुझे."

"मी तुझे मानत होतो," मी म्हणालो.

त्याची सून चहा घेऊन आली. "काका, साखर घालू ना?" तिनं दोनदा विचारलं. आम्ही दोघंही तिच्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिलो.

६

मंगळवारी मी एकोणीसच्या एकोणीस रजिस्टरं टेबलावर काढली. वर्षअखेरीला पान कुणी वाचत नाही. साहेब तळाला सही करतात आणि कारकून वाळू द्यायला उघडं ठेवतात. म्हणूनच हे कुणाच्या नजरेत आलं नसेल. निदान मी तरी असंच धरून चाललो आहे.

मुलीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांत रिकाम्या ओळींत नाव नव्हतंच. रेघोट्या होत्या. टाक चालतो का ते बघावं तशा, गोल गोल, एकीवर एक.

चौथ्या वर्षी अक्षरासारखं काहीतरी होतं, उलटं काढलेलं. सहाव्या वर्षी अक्षरं रकान्यात मावत नव्हती. एकेक बोटभर, आणि टाक इतका दाबलेला की कागद मागच्या बाजूनं उठला होता. नवव्या वर्षी गोल, शाळेतलं, ओळीवर नीट बसवलेलं. बाराव्या वर्षी नावाखाली फुलासारखी वेलबुट्टी. पंधराव्या वर्षी वेलबुट्टी गेली आणि अक्षर घाईचं झालं.

एकोणिसाव्या वर्षाचं अक्षर मी भिंग लावून पाहिलं. सुरेख, चालतं, कारकुनी अक्षर. माझं अक्षर. तरुणपणी मी असंच लिहायचो.

दफ्तरखान्यात पंखा नाही, तरी शेवटचं पान एकदा वर उचललं गेलं आणि अलगद परत बसलं. कुणीतरी माझ्या खांद्यावरून वाचून झाल्यावर पान सोडावं, तसं. जुन्या कागदाला पीळ असतो, हे मला माहीत आहे. मी रजिस्टरं क्रमानं कपाटात लावली आणि या खेपेला किल्ली स्वतः लावली.

७

घरी पोचलो तेव्हा तीनला दोन मिनिटं होती. चपला दाराशीच काढून मी मागच्या खोलीच्या बाहेर उभा राहिलो. दार बोटभर उघडं होतं.

तीन वाजले. बायकोनं हाक मारली. माप नव्हतं ते. तेच नाव होतं, आणि स्वयंपाकघरातून लेकीला बोलवावं इतक्या सहज मारलेली हाक.

मग खुर्ची करकरली. बायको यंत्रापुढे बसली होती, हललीही नव्हती. करकरली ती दुसरी.

फटीतून त्या खुर्चीची फक्त पाठ दिसत होती. पाठीवरून एक वेणी खाली सोडलेली होती, टोकाला शिवणकामाची पांढरी पट्टी बांधलेली. बायकोचे केस गेली दहा वर्षं मानेपर्यंत कापलेले आहेत.

मी दार ढकललं. खुर्चीवर काही नव्हतं. टोपलीतली नाडी असेल, काळ्या दोऱ्याची लडी असेल. मी नंतर टोपली उपसून पाहिली, तीत पांढऱ्याशिवाय दोरा नव्हता.

"दाखला घेतलास," मी म्हणालो.

"घेतला." तिनं सुईतून दोरा काढला. "तारीख तुम्ही बघितलीच असेल."

"चौतीस वर्षं माझ्यापासून लपवलंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्थ विचारला असता."

"लेकीच्या बाळाला ते नाव ठेवायचं नाही. तूच तिच्या कानावर घातलंस ना?"

"मी नाही घातलं." तिनं दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. "तिची तीच बोलते आता. वाट्टेल त्याच्या घरी जाते, दाराशी बोलून येते. कुणी थांबवून घेत नाही." बायको कापडाची घडी घालू लागली. "एवढी मोठी झाली अहो. किती दिवस बसायचं तिनं शिवणयंत्राशेजारी? आणि तुम्ही? एकदा तरी हाक मारलीत?"

तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत होती ती घरातलं सगळं उशिरा कळणाऱ्या माणसाकडे बघतात तशी.

८

लेकीला मुलगी झाली. गुटगुटीत, आवाज खणखणीत. आमची पहिलीही अशीच होती.

जन्माचा फॉर्म इस्पितळातच भरतात. जावई झोपेला आलेला होता. "बाबा, तुम्हीच भरा. तुमचं तर कामच ते," असं म्हणून त्यानं फॉर्म माझ्या हाती दिला. माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांची संख्या घरात तेव्हा एक होती, आणि मी त्याला फसवायला बसलो. नावाच्या रकान्यात चार पिढ्यांनी वापरून गुळगुळीत केलेलं एक साधं नाव लिहिलं. हात थरथरत होता, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. फॉर्म दुमडला, स्वतः कचेरीत नेला, खिडकीवरच्या बाईंच्या हातात दिला. लेक चार दिवस रुसेल, पण मूल वाचेल. कशापासून, ते माझ्याच्यानं नीट सांगवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाखला आणायला गेलो.

"शेवटी तुम्हीही तेच ठेवलंत," बाई हसून म्हणाल्या. छापील दाखल्यावर भरतीचं नाव होतं.

मी फॉर्म मागितला. माझी शाई, माझं अक्षर, खाली माझी सही. आणि रकान्यात ते नाव, सुरेख, एका ओळीत. बाकी सगळ्या रकान्यांत माझा हात थरथरला होता. तेवढ्या एका रकान्यात थरथरला नव्हता.

लेकीनं दाखला पाहिला आणि माझ्या गळ्यात हात टाकला. "मला वाटलं तुम्ही ऐकणार नाही. बाबा, आता आठवलं मला ते नाव कुठलं. आई शिवायला बसली की हाक मारायची. मला वाटायचं मलाच. मी धावत जायचे, तर म्हणायची, तुला नाही."

"मग कुणाला, विचारलं नाहीस?"

"विचारायचं काय? ती कुणीतरी तिथं बसलेली असायची ना."

असं म्हणून ती बाळाचं दुपटं सारखं करू लागली, जणू हवापाण्याचं काही बोलली होती.

९

आज नववा दिवस.

बायको सकाळपासून लेकीकडे आहे. मला कुणी येऊ नका म्हणालं नाही, चला असंही म्हणालं नाही. मी दर तासाला फोन करत होतो. बाळ दूध प्यायलं, बाळ झोपलं, बाबा तुम्ही जेवलात का. दोन वाजता लेक वैतागली आणि म्हणाली, आता मी केल्याशिवाय करू नका.

तीनला पाच मिनिटं कमी असताना मी मागच्या खोलीत गेलो. यंत्रावर झाकण होतं. पहिल्या खुर्चीवर मी बसलो. दुसरी रिकामी होती. आता खरोखरच रिकामी वाटत होती, पाहुणा गेल्यावर वाटते तशी. सगळ्यांनी मला फसवलं होतं: मित्रानं, बायकोनं, स्वतःच्या अक्षरानं. आणि ती, जिचा मी बाप, ती तर घर सोडून गेली तेव्हा मला सांगूनही गेली नव्हती.

तीन वाजले. खोली गप्प. इतक्या वर्षांची सवय मोडलेली त्या भिंतींनाही जाणवत असावी. मी घसा खाकरला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव मोठ्यानं उच्चारलं.

कुणी ओ दिली नाही.

मी बरंच थांबलो. मग टेबलावरचा फोन वाजला.

"बाबा, घाबरू नका, सगळं छान आहे," लेक हसत होती. "एक गंमत सांगायला केला. आत्ता ही गाढ झोपलेली, अगदी तीनच्या ठोक्याला डोळे उघडले, दाराकडे मान वळवली आणि चक्क 'ओ' म्हणाली. एवढीशी! आई म्हणते, कुणीतरी हाक मारली असणार. तुम्ही मारलीत का हो?"

"नाही," मी म्हणालो.

पलीकडे कुणीतरी हसलं. लेक नव्हती, ती उत्तर ऐकायला थांबली होती. बायको नव्हती, तिचं हसू मी ओळखतो. फोनच्या अगदी जवळ, अंथरुणाच्या उंचीवरून आलेलं ते हसू होतं.

नऊ दिवसांचं बाळ झोपेत हसतं, हे मला माहीत आहे. पण समोरच्याचं खोटं पकडलं म्हणून हसत नाही.